व्हिलेज पब व्हाया ताडाचं झाड

आधी एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. डोंबिवलीसारख्या गावात राहून, जिथे दर दोन गल्ल्यांआड एखादं वाचनालय आहे, मी मराठी वाचायला लागले ती कॉलेजात आल्यावर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची भूलचूक देणेघेणे. मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी माहितीपर लिही" असं सांगितलं, आणि मी थर्ड इयर केमिकलची असल्यामुळे त्यांना बहुधा वॉटर ट्रीटमेंट प्लांट वगैरे अपेक्षित असणार. विषय पाण्याऐवजी थोडा पुढे सरकलाय. रेक्टर सरांनी आणि मॅडमनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, मगच बोलवावं!

तर, कॉन्व्हेंटमधल्या मुलांचं बालपण अर्धं इंग्लंडमध्ये जातं, पासपोर्टशिवाय. इनिड ब्लायटनच्या पुस्तकांतली ती पोरं सायकलवरून भटकतात, एखाद्या खेड्यातल्या जुन्या 'इन'मध्ये थांबतात, हॅम सँडविच खातात आणि वर जिंजर बियर पितात. पाचवीत असताना मला प्रश्न पडला होता की अकरा वर्षांच्या मुलांना बियर कशी काय देतात? टीचरना विचारायची हिंमत झाली नाही. (जिंजर बियर म्हणजे आल्याचं गोड, फसफसणारं सरबत, हे कळायला कॉलेज उजाडलं.) पण ती जागा डोक्यात बसली. दगडी घर, बुटकं दार, आत शेकोटी, दारावर लोंबणारी रंगीत पाटी. आमच्या दृष्टीने तो स्वर्ग होता.

मागच्या डिसेंबरमध्ये हा स्वर्ग माझ्या आजोळच्या ओटीवर अवतरला. माझं आजोळ पालघर तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. (२०१४ च्या ऑगस्टपर्यंत हा आपलाच ठाणे जिल्हा होता.) मामा इंग्लंडमध्ये बर्टन नावाच्या गावाजवळ नोकरीला असतो. तो सुट्टीवर आलेला. रात्री जेवणं झाल्यावर तो त्याच्या खेड्यातल्या पबबद्दल सांगायला लागला. मी डोळे मोठे करून ऐकत होते. आजोबा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते एकही शब्द न बोलता ऐकत राहिले, आणि मग त्यांनी एकेक करून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

सांगायचं राहिलं. माझे आजोबा चाळीस वर्षं ताडी काढायचे. आम्ही भंडारी, घरातला पिढीजात धंदा. हा लेख म्हणजे आजोबांचे प्रश्न, मामाची उत्तरं, आणि मधेमधे केमिकलवालीची लुडबुड.

पहिला प्रश्न : "पब म्हंजे बारच ना रे?"

मामा म्हणाला, नाही बाबा, घर. पब हा 'पब्लिक हाउस'चा शॉर्टफॉर्म. जुन्या काळी गावात एखादी बाई घरच्यापुरती एल बनवायची, जास्त झाली की दाराला हिरवी डहाळी बांधलेली काठी लावायची. म्हणजे आज माल तयार आहे, या. त्या घराचंच पुढे दुकान झालं. १३९३ साली राजा दुसरा रिचर्ड याने एल विकणाऱ्यांना दाराबाहेर खूण लावणं सक्तीचं केलं. लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून पाटीवर चित्रं आली. लाल सिंह, पांढरा घोडा, नांगर, मुकुट. आजही पबची नावं तीच आहेत. १५५२ मध्ये लायसन्स आलं.

खेड्यातल्या पबमध्ये बऱ्याचदा मालक वरच्या मजल्यावरच राहतो. वेटर नसतो. आपण उठून काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, आणि ग्लास सांभाळत जागेवर यायचं. चार जण असले तर प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं, याला 'राउंड' म्हणतात. आपली पाळी चुकवणारा माणूस गावात बदनाम होतो. शेकोटीपुढे कुणाचा तरी कुत्रा झोपलेला असतो. भिंतीवर डार्टचा बोर्ड असतो, आठवड्यातून एकदा क्विझ असते. बंद व्हायच्या आधी घंटा वाजते, म्हणजे शेवटचं काय ते मागून घ्या. पहिल्या महायुद्धात कामगारांनी शुद्धीत राहावं म्हणून सरकारने पबच्या वेळा कमी केल्या, दुपारीही बंद ठेवायला लावलं. ते युद्ध १९१८ ला संपलं, पण दुपारची सक्तीची सुट्टी इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत चालू होती. (पुणेकरांनी १ ते ४ वरून उगाच बोलणी खाल्ली!)

आजोबांनी एवढंच विचारलं, "उधारी?"

मामा हसला. पूर्वी पाटीवर लिहून ठेवायचे. इंग्लिशमध्ये 'पाटीवर मांड' हा वाक्प्रचार अजून उधारीसाठी वापरतात.

"आपल्याकडे कोळशानं भिंतीवर रेघा," आजोबा म्हणाले. "चुना मारला की सगळ्यांची उधारी माफ. म्हणून शेठ चुना मारायचाच नाही."

दुसरा प्रश्न : "काढतात कशापासून?"

इथे मी पुढे सरसावले, कारण फर्मेंटेशनवर माझी मागच्याच सेमिस्टरला व्हायवा झाली होती.

एल ही बियरचीच एक जात. ती होते जवापासून, म्हणजे बार्लीपासून. पण जवाच्या दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार होतात. मग ते दाणे वाळवून भाजतात, भरडतात आणि गरम पाण्यात ठेवतात. एन्झाइम्स स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात. गार झालं की यीस्ट. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर काम करतं आणि फेसाबरोबर वर येतं. लागरचं यीस्ट जास्त थंडीत, सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. आपल्याकडे दुकानांत बाटलीत मिळते ती बहुतेक लागर.

"मोड आणून, वाळवून, दळून," आजी आतून म्हणाली, "म्हंजे नाचणीसत्वच की गं." मला व्हायवात हे उत्तर सुचलं असतं तर बरं झालं असतं.

ताडीला यातलं काहीच लागत नाही. झाड स्वतःच साखरेचं पाणी देतं. आपल्या किनारपट्टीवर तीन झाडं महत्त्वाची. ताड, त्याची ताडी. माड म्हणजे नारळ, त्याची माडी. आणि शिंदी, म्हणजे रानखजूर. ताडाच्या झाडांत नर वेगळे, मादी वेगळी. आपण उन्हाळ्यात स्टेशनबाहेर डझनाच्या भावाने घेतो ते ताडगोळे मादी झाडाचे. ताडी दोघांपासून निघते, पण ज्या तुऱ्याची ताडी काढली त्याला ताडगोळे धरत नाहीत. म्हणजे झाडाकडून एक काय ते मागायचं.

फुलोरा पूर्ण उमलायच्या आत तो बांधतात, हळूहळू ठेचून मऊ करतात, आणि मग रोज त्याच्या टोकाची पातळ चकती धारदार कोयत्याने कापतात. रस थेंबथेंब खाली बांधलेल्या मडक्यात पडतो. काप जाड गेला तर तुरा लवकर संपतो, नीट बसला नाही तर रस आटतो. हे रोज, सकाळ-संध्याकाळ, पन्नास-साठ फुटांवर, कमरेला दोर आणि पायात दोराचा फास अडकवून. आजोबा तरुणपणी दिवसाला वीस झाडं करायचे. वीस वेळा वर, वीस वेळा खाली, तेही दोनदा. आमच्या हॉस्टेलची लिफ्ट बंद पडली की आम्ही तिसऱ्या मजल्यासाठी अर्ज करतो.

सकाळचा ताजा रस ती नीरा. त्यात ढोबळमानाने १० ते १५ टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला असेल तर पीएच वाढतो, यीस्टचं काही चालत नाही, आणि नीरा नीराच राहते. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. आधी सुक्रोज फोडतं, मग ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. ताडीचा फेस आणि जिभेवरची चुरचुर त्या कार्बन डायऑक्साइडची. एका दिवसात अल्कोहोल साधारण ४ ते ६ टक्क्यांवर जातं. मामाच्या पबमधल्या एलमध्ये साधारण तेवढंच, किंबहुना थोडं कमी असतं.

तिसरा प्रश्न : "टिकते किती?"

माझ्या मते हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो शिकलेल्या दोघांपैकी कुणालाच आधी सुचला नव्हता.

ताडी टिकत नाही. सकाळी गोड, दुपारी तुरट, संध्याकाळी कडक, आणि दुसऱ्या दिवशी ॲसिटोबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया अल्कोहोलचा व्हिनेगर करायला लागतात. गोव्यात माडीचा असा व्हिनेगर मुद्दाम करतात, त्याशिवाय सोरपोतेल होत नाही. पण विकायला ताडी हवी असेल तर ती झाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच दिवशी संपली पाहिजे. म्हणून ताडीचं दुकान नेहमी झाडांजवळ, आणि गिऱ्हाईक नेहमी तेच ते.

मामा म्हणाला, तिकडेही तसंच. खऱ्या पारंपरिक एलला पिंपातली एल म्हणतात. ती गाळून, पाश्चराइज करून येत नाही. यीस्ट पिंपात जिवंत असतं आणि पबच्या तळघरात फर्मेंटेशन थोडंसं चालूच राहतं. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश, म्हणजे 'इंग्रज गरम बियर पितात' हा विनोद तितकासा खरा नाही. हातपंपाने ओढून ग्लासात घेतात, वरून गॅस मारत नाहीत. एकदा पिंप उघडलं की आत हवा जाते, आणि साधारण तीन दिवसांत ते संपवावं लागतं. म्हणून पबलाही रोजची गिऱ्हाइकं लागतात. एल स्वच्छ दिसावी म्हणून पारंपरिक पद्धतीत त्यात माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालतात, तो यीस्टला खाली बसवतो. हे ऐकून आजोबा पहिल्यांदा खूश झाले. "म्हंजे भोत! घोळीचं भोत सातपाटीला सोन्याच्या भावानं जातं, ते काय उगीच?"

मला त्या रात्री कळलं ते असं. नाशवंत पेयाभोवती जागा तयार होते. बाटलीबंद माल कुठेही नेता येतो, एकट्याने खोलीत बसून पिता येतो. ज्या पेयाचं आयुष्यच एक किंवा तीन दिवसांचं, त्याच्यासाठी माणसांना एकत्र यावं लागतं. पब किंवा ताडीचं दुकान ही गावाची जागा बनली याचं एक कारण मायक्रोबायॉलॉजीमध्ये आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच मुंबईशी जोडलेलं आहे. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांना इथेही एल हवी होती. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, चार ते सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. हॉप्स बॅक्टेरियांना रोखतात, म्हणून हॉप्स भरपूर घातलेली एल पाठवायला लागले. आधी लंडनचा हॉजसन, मग १८२० नंतर मामाच्या बर्टनमधल्या कंपन्या. तीच पुढे 'इंडिया पेल एल' म्हणून प्रसिद्ध झाली. आणि परत जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ठाणे-कल्याणवरून जाणाऱ्या रेल्वेलाइनवर, नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत ठेवायचे. महिनोन्महिने काम नाही, उकाडा, ताप. तिथून आलेला माणूस डोक्याने सरकलेला असतो म्हणून इंग्लिशमध्ये 'डूलाली' हा शब्द झाला. पुण्यात २००९ मध्ये जी मायक्रोब्रुअरी निघाली तिने हेच नाव घेतलं. सेंट्रल रेल्वेच्या प्रवाशांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चौथा प्रश्न : "सरकार काय घेतं?"

मामाने सांगितलं की तिकडे टॅक्स भरपूर आहे आणि पब बंद पडतायत. २००० साली ब्रिटनमध्ये ६० हजारांच्या आसपास पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास. पण त्यांना वाचवायला माणसं उभी राहिली आहेत. पिंपातली एल वाचवायला १९७१ मध्ये चार मित्रांनी चळवळ सुरू केली, तिचे आज लाखाहून जास्त सभासद आहेत. २०११ च्या एका कायद्यानुसार गावकरी पबला 'गावाची मालमत्ता' म्हणून नोंदवू शकतात. तो विकायला निघाला तर बोली लावायला त्यांना वेळ मिळतो. काही गावांनी शेअर काढून पब विकत घेतलेत.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या झाडांना नंबर असायचे."

आता थोडा इतिहास, जो मी नंतर लायब्ररीत बसून वाचला. इंग्लंडमध्ये १८३० साली एक कायदा झाला. दोन गिनी फी भरली की कुठल्याही करदात्याला घरी बियर करून विकायची मुभा. हेतू असा की लोकांनी कडक जिन सोडून सौम्य बियरकडे यावं. आणि त्याच इंग्रजांनी मुंबई इलाख्यात काय केलं? १८७८ चा अबकारी कायदा. ताडी काढायची तर झाडागणिक कर, झाडागणिक लायसन्स. स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला, खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. लायसन्सशिवाय मोहाची फुलं गोळा करायची, साठवायची नाहीत. वारली-कातकरी लोकांसाठी मोह हे नुसतं दारूचं साधन नव्हतं, ती फुलं ते खायचेही. पण सरकारला सरकारमान्य भट्टीतल्या दारूचा महसूल हवा होता. म्हणजे घरी सौम्य पेयाला उत्तेजन, आणि आमच्याकडे सौम्य पेयाचा गळा आवळून कडक दारूचा ठेका. पब आणि ताडीचं दुकान यांचे रस्ते तिथे वेगळे झाले असं मला वाटतं.

पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी आली, मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. माझे पणजोबा त्या एका दिवसात बेकार झाले. काही झाडं नीरेसाठी मिळाली, बाकीची नुसती उभी. आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते एवढंच की बाप रोज सकाळी सवयीने कोयता पाजवायचा आणि परत खुंटीला टांगायचा.

साठच्या दशकापासून बंदी हळूहळू सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात तोच कायदा आहे, फक्त नाव 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झालंय. प्यायला कागदोपत्री परमिट लागतं. डोंबिवली-कल्याणमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते, तिचा उगम हा. आणि वयाची अट अशी की बियरसाठी २१ पूर्ण, कडक दारूसाठी २५. इंग्लंडमध्ये १८. मी वीस वर्षांची आहे. म्हणजे मामाच्या गावात मला पबमध्ये अर्धा पाइंट मिळेल, पण ज्या पेयावर माझ्या आईचं शिक्षण झालं त्याची फक्त रिॲक्शन लिहिता येईल. (रेक्टर मॅडम, नोंद घ्यावी. लेखिकेने काहीही प्यायलेलं नाही.)

पाचवा प्रश्न : "बरोबर खायला काय?"

हा खरं तर आजीने विचारला. मामाने यादी वाचली. रविवारी भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्ही. मासे आणि चिप्स. मांस भरलेला पाय. आणि 'नांगरवाल्याचं जेवण', म्हणजे पावाचा जाड तुकडा, चीज, लोणचं, कांदा. नाव जुनाट वाटतं, पण त्याचा प्रसार झाला गेल्या शतकाच्या मध्यानंतर, चीज खपवण्याच्या जाहिरातींतून.

"कांदा-भाकर," आजीने निकाल दिला.

आजी दुकानाबाहेर टोपली घेऊन बसायची. तळलेले सुके बोंबील, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, चणे. मामाची पहिली फी तिच्या बोंबलांची. केरळमध्ये ताडीची दुकानं आज जेवणासाठीच ओळखली जातात, लोक कुटुंबासह जातात, मासळी आणि कप्पा खातात. आपल्याकडे ताडी ताटातून नाही तर नावातूनही गेली. ठाण्या-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत फुग्यांचं पीठ पूर्वी ताडीने आंबवायचे. शाळेत माझी ठाण्याची मैत्रीण ख्रिसमसला डब्यात ते फुगे आणायची, आम्ही तुटून पडायचो. त्यात माझ्या आजोबांच्या धंद्याचा माल असू शकतो हे तेव्हा कळलं असतं तर मी खाल्ले असते का, सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आपला पब कुठला? मला वाटतं आपण पेय काढून टाकलं आणि जागा ठेवली. ठाण्याला मामलेदार कचेरीजवळ १९४६ पासून मिसळ मिळते. तिथे कचेरीत कामाला आलेला शेतकरी, वकील आणि आमच्यासारखी सबमिशन बुडवलेली कार्टी एकाच बाकावर घाम पुसत बसतात. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड, ठाण्याची तलावपाळी, कॉलेजबाहेरची टपरी. चहा कटिंग, पण 'राउंड' तीच. पाळी चुकवणाऱ्याची बदनामीही तीच.

आजीची बाजू

हे सगळं फार गोड झालं म्हणून आजीने सांगितलेलंही लिहिते, नाहीतर लेख खोटा होईल. मजुरीचा दिवस शनिवार. त्या दिवशी बायका दुकानाबाहेर उभ्या राहायच्या, नवरा आत जायच्या आधी पैसे काढून घ्यायला. काहींना मिळायचे, काहींना मार मिळायचा. आजीचा धाकटा भाऊ आधी ताडी, मग दुकानामागची हातभट्टी, असं करत चाळिशीत गेला. आजोबांचे चुलतभाऊ झाडावरून पडले ते परत उभे राहिले नाहीत. विमा नाही, काही नाही. आज महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून बहुमताने 'बाटली आडवी' केली तर गावातलं दुकान बंद करता येतं. आजी म्हणते, तेव्हा असतं तर मी आडवीच केली असती, आणि दुसऱ्या दिवशी टोपली कुठे लावायची याची काळजी केली असती.

आणि हॉस्टेलवासीयांना एक कळकळीची सूचना. आज शहरात स्वस्तात 'ताडी' म्हणून जे मिळतं, त्यात झाडाचा संबंध असेलच असं नाही. पाणी, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट मिसळून केलेली ताडी अनेकदा पकडली गेली आहे. क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध आहे, प्रमाण चुकलं की श्वास थांबतो. हातभट्टीत मिथेनॉल असेल तर आधी डोळे जातात, मग माणूस. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं अशी गेली. इथेनॉल आणि मिथेनॉलमध्ये फक्त एका कार्बनचा फरक आहे, आणि तो नाकाला किंवा जिभेला कळत नाही.

शेवटचा प्रश्न

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मामा झोपायला गेला. मी उठणार इतक्यात आजोबांनी विचारलं, "बाय, तो पबवाला वर माडीवर राहतो म्हणतोस ना मामा तुझा. त्याची नात शाळेत जात असेल. ती काय सांगते, आजा काय करतो म्हणून?"

पाचवीत आम्हाला 'माय ग्रँडफादर' असा निबंध होता. मी लिहिलं होतं की माझे आजोबा शेतकरी आहेत आणि त्यांची नारळाची बाग आहे. दहापैकी नऊ मिळाले. आईने कौतुकाने ती वही आजोळी नेऊन सगळ्यांना वाचून दाखवली, मराठीत अर्थ सांगून. आजोबा तेव्हा काहीच बोलले नव्हते. मला वाटलं होतं ते विसरले.

मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुतेक "झोपा आता" असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर वाडीत गेले. त्यांच्या वेळच्या झाडांपैकी अकरा ताड अजून उभे आहेत. गावात आता चढणारे दोघेच उरलेत, दोघेही पन्नाशीच्या पुढचे. आजोबांनी मला खोडावरच्या जुन्या खाचा दाखवल्या, कुठला तुरा कधी बांधायचा, काप किती पातळ घ्यायचा ते बोटाने हवेत करून दाखवलं. मी वहीत लिहून घेतलं. व्हायवाला कुणी विचारणार नाही, पण लिहून घेतलं.

हा लेख छापून आला की त्याची एक प्रत मी आजोळी नेणार आहे. या वेळी अर्थ सांगायला आई लागणार नाही. आणि संपादकांना एक विनंती, लेखिकेच्या परिचयात वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिथे मी आजोबांचा लिहिलाय. कृपया दुरुस्त करू नये.